लिनक्सच्या रिलीजच्या आधी टेस्टिंगचा दिवस कसा भरवायचा: नाशिककरांसाठी सविस्तर

लिनक्सचं नवीन व्हर्जन आलं की पहिले आठ दिवस ग्रुपवर तेच ते चालू असतं, माझं वायफाय गेलं, प्रिंटर ओळखत नाही, मराठी टाइप करताना रफार भलतीकडेच जातोय, आणि मग कोणीतरी वैतागून लिहितं की ह्या लोकांनी टेस्ट न करताच सोडलं वाटतं. टेस्ट केलेलं असतं हो. पण डेबियन, उबुंटू, फेडोरा ह्या लिनक्सच्या वेगवेगळ्या अवतारांची रिलीजआधीची टेस्टिंग बरीचशी हौशी माणसंच करतात, आणि त्या माणसांच्या टेबलावर जे मशीन असतं तेवढंच तपासून होतं. अंबडच्या एखाद्या वर्कशॉपच्या ऑफिसातला धुळकट डेस्कटॉप, लग्नपत्रिकावाल्याकडचा जुना लेझर प्रिंटर, इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर दिवसभर मराठी बडवणारी ताई, हे त्यांच्याकडे नाहीये, आपल्याकडे आहे. त्यामुळे नाशकात पंधरा-वीस जण एक रविवार जमले तरी त्याला खरंच किंमत असते, फक्त ते नीट आखलेलं पाहिजे.

आणि हे आधीच डोक्यात पक्कं करा की हा इन्स्टॉल फेस्ट, म्हणजे लोकांच्या मशीनवर लिनक्स टाकून द्यायचा मेळावा, नाही. तिथे माणूस चालू मशीन घेऊन घरी जातो आणि खुश होतो, इथे मशीन अडलं तर आपण खुश व्हायचं. किती लोक आले, किती फोटो निघाले ह्यावर दिवस मोजायचा नाही. डेव्हलपरला हातात घेऊन काम करता येईल असे किती रिपोर्ट गेले आणि दुरुस्ती आल्यावर त्यातले किती आपण परत तपासून दिले, एवढंच मोजायचं. खालचं सगळं त्याच हिशोबाने लिहिलंय.

आधी तारीख, मग हॉल

प्रत्येक प्रोजेक्टमध्ये रिलीजच्या आधी फ्रीझ लागतो, म्हणजे एका तारखेनंतर नवीन काही आत घेत नाहीत, फक्त दुरुस्त्या, आणि रिलीज जवळ येईल तशा दुरुस्त्यासुद्धा फक्त गंभीर गोष्टींच्याच. डेबियन १३ चंच बघा, १५ मार्च २०२५ ला पहिला टप्पा, १५ एप्रिलला सॉफ्ट फ्रीझ, १५ मेला हार्ड फ्रीझ, २७ जुलैला फुल फ्रीझ आणि ९ ऑगस्टला रिलीज. आता एखादा ग्रुप ऑगस्टच्या पहिल्या रविवारी जमला असता तर ते वरातीमागून घोडं झालं असतं, सापडलेलं काही त्या रिलीजमध्ये जाण्याची शक्यता फारच कमी. आणि जानेवारीत जमले असते तर अर्ध्या गोष्टी अजून हलत होत्या, आज सापडलेला बग, म्हणजे सॉफ्टवेअरमधली चूक, उद्या आपोआप गेला असता. डेबियनसाठी माझ्या मते सॉफ्ट आणि हार्ड फ्रीझच्या मधला महिना सगळ्यात चांगला.

उबुंटू दर एप्रिल आणि ऑक्टोबरला येतं, बीटा, म्हणजे तपासायला दिलेलं कच्चं व्हर्जन, साधारण तीन-चार आठवडे आधी, म्हणजे बीटा आल्यानंतरचा पहिला रविवार धरायचा, दुसरा नको. फेडोराचीही वर्षाला दोन व्हर्जनं, तिथे बीटा आणि फायनल दोन्हीच्या आधी 'गो / नो-गो' अशी मीटिंग होते आणि ठरवलेले निकष मोडणारा बग म्हणजे ब्लॉकर शिल्लक असेल तर तारीख सरळ पुढे ढकलतात. ब्लॉकर कोणीही सुचवू शकतं, फक्त कुठला निकष मोडलाय ते दाखवावं लागतं, हे आपल्याकडे फार लोकांना माहीत नसतं.

एक दिवस राखीव ठेवाच. २९ मार्च २०२४ ला एक्सझेड ह्या कॉम्प्रेशनच्या पॅकेजमध्ये मुद्दाम घुसवलेला चोरदरवाजा उघड झाला, आणि तोही एका इंजिनिअरला एसएसएचने, म्हणजे दुरून दुसऱ्या मशीनवर, लॉगिन करायला अर्धा सेकंद जास्त का लागतोय असं वाटलं म्हणून, आणि उबुंटू २४.०४ ची पॅकेजेस पुन्हा बिल्ड करायला घेतली गेली, बीटा ४ एप्रिलवरून ११ एप्रिलवर गेला. ज्याने ७ तारखेसाठी हॉलचं भाडं आगाऊ भरलं असेल त्याचं काय झालं असेल विचार करा. म्हणून भाड्याचा हॉल शक्यतो नकोच.

आता आपलं गावातलं कॅलेंडर. मार्चमध्ये रंगपंचमीला जुन्या नाशकातली माणसं रहाडीत, म्हणजे रंगाच्या हौदात, असतात, ती तुमच्या पेनड्राइव्हकडे बघणार नाहीत. एप्रिलमध्ये इंजिनिअरिंगच्या पोरांना परीक्षेचे वेध लागतात. ऑक्टोबरच्या रिलीजचा बीटा गणपती-नवरात्राच्या आसपास पडतो, नवरात्रात कालिका मातेच्या यात्रेमुळे मुंबई नाक्याकडे गाडी घालायची सोय नसते, तेव्हा जागा त्या बाजूची नको. आणि डेबियनची दोन वर्षांची चाल बघता पुढचं व्हर्जन २०२७ च्या मध्याला अपेक्षित धरलं तर नेमका तेव्हाच सिंहस्थ कुंभमेळा, ऑगस्ट-सप्टेंबरला पर्वणीच्या दिवसांत शहरात हलता येणार नाही. तो कार्यक्रम एप्रिल-मेमध्येच उरकायचा, नाहीतर सिन्नर किंवा ओझरला न्यायचा.

एका दिवशी एकच सिस्टीम घ्या. तिन्ही करू म्हटलं की एक ना धड भाराभर चिंध्या होतात, तीन वेगळे बग ट्रॅकर, म्हणजे बग नोंदवायच्या जागा, तीन वेगळ्या सवयी, आणि संध्याकाळी कोणाला काही नीट भरता येत नाही.

माणसं कोणती बोलवायची

कॉलेजची पोरं येतातच, पण त्यांचे लॅपटॉप सगळे गेल्या दोन-तीन वर्षांतले आणि एकमेकांसारखे. नुसती तीच आली तर एकच मशीन वीस वेळा तपासल्यासारखं होतं. मुद्दाम शोधून बोलवायचे ते म्हणजे डीटीपी करणारे, शाळेतले क्लार्क, सीएच्या ऑफिसातले, पीसी रिपेअरिंगवाले, रिटायर झालेले काका ज्यांना वेळ आहे आणि ज्यांच्याकडे जुनं मशीन आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला, त्यामुळे अशी मशीनं आता कपाटावर पडलेलीच आहेत, लोकांना फक्त विचारायला पाहिजे.

बोलावताना प्रत्येकाकडून फोनवर चारच गोष्टी घ्या: मशीनचं मॉडेल, साधारण किती जुनं, आतला डेटा उडाला तर चालेल का, आणि सोबत काय आणणार, म्हणजे प्रिंटर, स्कॅनर, डोंगल वगैरे. ह्या यादीवरून आधीच कळतं की एएमडी प्रोसेसरवालं एकही नाही किंवा लेगसी बायोसवालं, म्हणजे जुन्या पद्धतीने चालू होणारं, एकही नाही, आणि मग ती भोकं भरायला अजून चार फोन करता येतात. एक बारीक सूचना, डेबियन १३ पासून ३२ बिटच्या पीसीसाठी इन्स्टॉलरच नाही, तेव्हा कोणी फारच जुना खोका आणतो म्हटलं तर आधी प्रोसेसर विचारून घ्या, बिचारा दिंडोरीहून एसटीत मांडीवर घेऊन यायचा.

तीन जण मात्र टेस्टिंगला बसवायचे नाहीत. एक जण इमेज, म्हणजे पेनड्राइव्हवर चढवायची इन्स्टॉलची फाइल, आणि पेनड्राइव्ह बघणारा, एक जण टेबलाटेबलावर फिरून अडलेल्यांना मदत करणारा, आणि तिसरा, ज्याच्यावर सगळा दिवस उभा असतो, तो म्हणजे रिपोर्ट लिहून घेणारा. हा तिसरा माणूस बग ट्रॅकर आधी वापरलेला, बरं इंग्रजी लिहिणारा आणि मुख्य म्हणजे चिडका नसलेला पाहिजे.

जागा, लाईट, नेट

कॉलेजची लॅब मिळाली तर उत्तम, पण तिथल्या नेटवर पोर्ट बंद असतात, आदल्या दिवशी जाऊन बघा. कोणाचं ऑफिस, क्लासची खोली, सोसायटीचा हॉल काहीही चालतं, टेबलं आणि प्लग पाहिजेत. एक्स्टेंशन बोर्ड जेवढे लागतील वाटतात त्याच्या दुप्पट न्या, आणि जाड वायरचे न्या, एका बोर्डाला दुसरा दुसऱ्याला तिसरा असं जोडत बसू नका. एप्रिलमध्ये पंखे चालतात का हेही बघून या.

नेटचं गणित सोपं आहे. उबुंटू डेस्कटॉपची इमेज आता सहा जीबीच्या आसपास जाते, वीस जणांनी तिथे येऊन डाउनलोड सुरू केलं तर दुपारचं जेवण होईपर्यंत काही होत नाही. म्हणून इमेज एकाच माणसाने आदल्या रात्री उतरवायची. रोज बनणाऱ्या डेली इमेजसाठी झेडसिंक वापरलं तर कालची फाइल हाताशी असताना फक्त बदललेला भागच उतरतो. फाइल पूर्ण आणि अस्सल आहे का ते कळायला शा-२५६ चा बेरीज-आकडा आणि डिजिटल सही दोन्ही तपासा, हे न करता सापडलेल्या बऱ्याच बगांचं कारण अर्धवट उतरलेली फाइल असतं. मग एका लॅपटॉपवर पायथॉनचा छोटा वेब सर्व्हर चालू करून लोकल नेटवर्कवर ती फाइल ठेवायची. इन्स्टॉलनंतरच्या अपडेटसाठी डेबियन-उबुंटूला ॲप्ट-कॅशर-एनजी लावून ठेवलं की एक पॅकेज एकदाच बाहेरून येतं, पुढच्या सगळ्यांना तिथूनच मिळतं. राउटर स्वतःचा न्या, शक्यतो ज्यात डब्ल्यूपीए-३ ही वायफायच्या सुरक्षेची नवी पद्धत चालू-बंद करता येतं असा, का ते पुढे येईल.

सगळ्यांकडे एकाच तारखेची इमेज पाहिजे. हे कितीही वेळा सांगितलं तरी कोणीतरी घरून मागच्या आठवड्याची घेऊन येतंच, आणि मग तिच्यातला बग लिहायला घेतला की कळतं तो परवाच दुरुस्त झालाय. आणि सकाळी लवकर एका मशीनवर ती इमेज बूट करून बघायची, डेली इमेज कधीकधी मुळातच बिघडलेली निघते, अशा वेळी आदल्या दिवशीची हाताशी असू द्या.

पेनड्राइव्ह एमजी रोडवरून घ्या नाहीतर ऑनलाइन, पण नव्या ड्राइव्हवर एफ-थ्री हे टूल चालवून त्यावर लिहिलेली क्षमता खरी आहे का बघा, ६४ जीबी लिहिलेला ८ जीबीचा निघणं आपल्याकडे नवीन नाही. इमेज डीडी कमांडने किंवा त्या प्रोजेक्टने सांगितलेल्या टूलनेच लिहायची. एकाच पेनड्राइव्हवर अनेक इमेज ठेवून देणारं व्हेंटॉय सोयीचं आहे, मीही रोज वापरतो, पण टेस्टिंगला नको, कारण त्यात बूट व्हायचा रस्ताच वेगळा होतो आणि बग इमेजचा की व्हेंटॉयचा हा वाद सुरू होतो. प्रत्येक पेनड्राइव्हवर कागदी टेपने इमेजची तारीख चिकटवा.

मशीनला धोका असतो, हे स्पष्ट सांगा

हे गुळमुळीत बोलायचं काम नाही. २००८ च्या सप्टेंबरमध्ये कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, त्याच्या २.६.२७ च्या रिलीजआधीच्या आवृत्त्यांमुळे इंटेलच्या काही नेटवर्क कार्डांची आतली मेमरीच खराब होत होती, कार्ड बंदच पडायचं. बीटा चालवणाऱ्यांच्या मशीनवर ते दिसलं म्हणून आरडाओरडा झाला आणि फायनल कर्नलच्या आधी ती मेमरी लिहिण्यापासून कुलूपबंद केली गेली, मूळ कारण मात्र नंतर कर्नलच्या ट्रेसिंगच्या कोडमध्ये, म्हणजे भलत्याच ठिकाणी सापडलं. उलटं उदाहरण उबुंटू १७.१० चं. त्यात एका इंटेल ड्रायव्हरमुळे लेनोवो आणि इतर काही लॅपटॉपचे बायोस लॉक व्हायला लागले, पण ते कळलं रिलीज होऊन गेल्यावर, डिसेंबर २०१७ मध्ये डाउनलोड काढून घ्यावं लागलं आणि जानेवारी २०१८ मध्ये नवीन इमेज द्यावी लागली. त्या मॉडेलचा एखादा लॅपटॉप ऑक्टोबरमधल्या रिलीजच्या आधी कोणाच्या टेस्टिंगच्या टेबलावर असता तर, असं वाटतंच.

तर नियम असा, ज्या मशीनवर उद्या सकाळी पोटापाण्याचं काम आहे ते मशीन टेस्टिंगला नाही. बॅकअप आदल्या दिवशी घरीच घ्यायचा, तिथे येऊन नाही. विंडोज असलेल्या लॅपटॉपवर डिस्क कुलूपबंद करणारं बिटलॉकर चालू आहे का बघायला सांगा आणि रिकव्हरी की कागदावर लिहून आणायला सांगा, बूटच्या सेटिंगला हात लागला की ते की मागत बसतं आणि मग माणूस घाबराघुबरा होतो. फास्ट स्टार्टअप बंद करून पूर्ण शटडाउन करून आणा, नाहीतर विंडोजचं पार्टिशन अर्धवट झोपलेल्या अवस्थेत असतं. ज्यांना आतल्या डिस्कला हात लावायचा नाही त्यांच्यासाठी दोन-चार स्वस्त एसएसडी यूएसबीच्या डब्यात घालून ठेवायच्या, त्यावर इन्स्टॉल करायचं. पण तेव्हाही बूटलोडर, म्हणजे सिस्टीम सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम, कुठल्या डिस्कवर जातोय ते डोळ्यात तेल घालून बघा.

इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही ही तक्रार हमखास येणार. बऱ्याचदा बायोसमध्ये इंटेलचं डिस्क हाताळायचं आरएसटी मोड चालू असतं. पण लगेच सेटिंग बदलू नका, आधी इन्स्टॉलर त्याबद्दल नीट सूचना देतो की नुसता गप्प बसतो ते लिहून घ्या, गप्प बसत असेल तर तोच रिपोर्ट. सिक्युअर बूट, म्हणजे सही असलेलंच सॉफ्टवेअर बूट होऊ देणारी सेटिंग, तीसुद्धा बंद करायची घाई नको, चालू ठेवूनच तपासायचंय.

व्हर्च्युअल मशीनवाल्यांना, म्हणजे चालू सिस्टीमच्या आतच सॉफ्टवेअरचं दुसरं मशीन बनवून चालवणाऱ्यांना, नाही म्हणू नका, ज्यांच्याकडे रिकामं मशीन नाही ते अपग्रेड तपासू शकतात. पण फेडोरा आणि ओपनसुसे ह्या आणखी एका लिनक्सकडे ओपनक्यूए नावाची यंत्रणा दिवसरात्र व्हर्च्युअल मशीनवर इन्स्टॉल करून बघतच असते, त्यामुळे तिथे साधं इन्स्टॉल परत करण्यात फार मिळत नाही.

काय तपासायचं

कागदाच्या चिठ्ठ्या करा, एका चिठ्ठीवर एकच काम, मराठीत, चार-पाच ओळींत, आणि शेवटी काय दिसायला पाहिजे ते. लोकांना 'वापरून बघा' सांगितलं तर ते ब्राउजर उघडून व्हिडिओ बघत बसतात. पूर्ण डिस्कवर इन्स्टॉल, विंडोजशेजारी इन्स्टॉल, एन्क्रिप्शनसकट इन्स्टॉल, जुन्या व्हर्जनवरून अपग्रेड, नेट नसताना इन्स्टॉल, मोबाइलच्या यूएसबी टेदरिंगवर इन्स्टॉल, ह्या मुख्य चिठ्ठ्या. शेवटच्या दोन मुद्दाम घातल्यात, आपल्याकडे निफाड-चांदवडच्या घरात माणूस मोबाइलच्याच नेटवर इन्स्टॉल करतो. अपग्रेडची चिठ्ठी सगळ्यात वेळखाऊ, म्हणून ती सकाळी पहिली सुरू करायची, आणि ती खऱ्याखुऱ्या वापरलेल्या सिस्टीमवर करायची, कारण कालच टाकलेलं कोरं जुनं व्हर्जन सहसा गुपचूप अपग्रेड होतं. त्याशिवाय लॅपटॉपचं झाकण लावून उघडणं, प्रोजेक्टर जोडणं, ब्लूटूथ इअरफोनचा माइक, हे प्रत्येक लॅपटॉपवर.

आता मराठी. इथे आपण खरंच काहीतरी देऊ शकतो, म्हणून जरा सविस्तर.

इन्स्टॉलर मराठीत चालवा आणि कीबोर्डही मराठी निवडा. मग बघा, पासवर्ड टाइप करताना लेआउट इंग्रजी होता की मराठी, आणि रीस्टार्टनंतर लॉगिनच्या पडद्यावर कुठला येतो. दोन्हीकडे वेगळा आला तर माणूस स्वतःच्याच मशीनबाहेर उभा राहतो. एन्क्रिप्शन असेल तर अजून एक जागा, डिस्क उघडायचा पासवर्ड सिस्टीम पूर्ण चालू होण्याच्या आधी मागतात, तिथला लेआउट परत वेगळा असू शकतो आणि पडद्यावर तो दिसतोच असं नाही. हे सापडलं तर ती किरकोळ गोष्ट नाही, ठासून लिहा.

लॉगिन झाल्यावर टेक्स्ट एडिटर, लिबरऑफिस, ब्राउजर आणि टर्मिनल चारही ठिकाणी हेच शब्द टाइप करा: दऱ्या, कुऱ्हाड, वाऱ्यावर, ॲप, ऑफिस, कर्की, राष्ट्र, ज्ञानेश्वर, लक्ष, शाळा. दऱ्यातला तो चंद्रकोरीसारखा र नीट येतो की साधा रफार होऊन पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो, बघा. हा र दोन तऱ्हेने साठवता येतो, नुक्तावाल्या ऱ ला हलंत लावून किंवा साध्या र ला हलंत आणि जोडणारं अदृश्य अक्षर लावून, दिसायला दोन्ही एकच, पण शोधायला गेलं की एक दुसऱ्याला सापडत नाही. ॲ चं स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ मध्ये आलं, तरी एखाद्या कीबोर्ड लेआउटमध्ये ते कुठे लपलंय ते शोधावं लागतं. ल आणि श हे मराठी वळणाचे दिसतात की हिंदी वळणाचे तेही बघा, फॉन्टमध्ये मराठीसाठीचे आकार असतात पण प्रोग्रामने भाषा मराठी आहे हे फॉन्टला सांगावं लागतं. कर्की हा शब्द मेनूत किंवा खिडकीच्या मथळ्यात असताना वरची वेलांटी-रफार कापली जाते का, हेही. मग पेनड्राइव्हवर 'सातबारा उतारा' असं मराठी नाव देऊन फाइल ठेवा आणि विंडोजवर उघडून परत आणा. लिबरऑफिसमधून पीडीएफ काढा आणि त्यातला मजकूर कॉपी करून दुसरीकडे चिकटवा, शब्द तेच राहिले का बघा.

डीटीपीवाले श्रीलिपी किंवा कृतिदेवमधल्या जुन्या फाइली घेऊन येतील आणि म्हणतील इथे कचरा दिसतोय. तो ह्या सिस्टीमचा बग नाही, त्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात. चहा द्या आणि युनिकोडच्या चिठ्ठीवर बसवा.

प्रिंटरचं टेबल वेगळं ठेवा. एचपी लेझरजेट १०२० आणि कॅनन एलबीपी २९०० हे दोन आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत, आणि दोन्ही नुसती वायर लावून चालणारे नाहीत, १०२० ला एचपीच्याच एचपीएलआयपी ह्या ड्रायव्हरचं बंद सोर्सचं प्लगइन लागतं आणि २९०० ला कॅननच्या कॅप्ट प्रोटोकॉलचा ड्रायव्हर. जुन्या व्हर्जनवर ज्या पद्धतीने चालत होता त्याच पद्धतीने नव्यावर चालतो का, एवढंच तपासायचं. मराठी पान छापून बघा, इंग्रजी टेस्ट पेज नाही.

रिपोर्ट

बाकी सगळं ह्याच्यासाठी आहे. समजा एक काका हात वर करतात आणि म्हणतात वायफाय चालत नाही. रिपोर्ट लिहिणारी पोरगी विचारते,

"काका, नेटवर्कची नावं दिसतायत का यादीत?"

"दिसतायत की. पासवर्ड टाकला की नुसतं फिरत बसतं."

"माझ्या मोबाइलच्या हॉटस्पॉटला लावून बघा बरं."

"थांब जरा... ह्याला लागलं. त्या राउटरलाच लागत नाहीये."

"आता हा जुन्या व्हर्जनचा पेनड्राइव्ह लावून बूट करा, त्यावरून राउटरला लागतं का?"

"अगं लागलं की!"

झालं, आता ती राउटरवर डब्ल्यूपीए-३ बंद करून परत बघते, आणि नव्या व्हर्जनवरूनही लागतं. दहा मिनिटांत 'वायफाय चालत नाही'चं 'अमुक चिप डब्ल्यूपीए-२/३ मिश्र मोडच्या राउटरला जोडत नाही, मागच्या व्हर्जनमध्ये जोडत होती' असं झालं. पहिल्या वाक्यावर कोणी काही करू शकत नाही, दुसऱ्यावर करू शकतं. आधी चालायचं आणि आता बिघडलं, ह्याला रिग्रेशन म्हणतात आणि रिलीजआधी डेव्हलपर आधी त्याच्याकडे बघतात, म्हणून मागच्या व्हर्जनचे दोन पेनड्राइव्ह तयार पाहिजेतच.

रिपोर्टमध्ये इमेजची तारीख, मशीनचं मॉडेल, एलएसपीसीआय किंवा एलएसयूएसबी ह्या कमांडने दिलेला त्या भागाचा आयडी, काय केलं ते क्रमाने, काय व्हायला हवं होतं, काय झालं, आणि दर वेळी होतं की कधीतरी. कर्नलच्या तक्रारीला जर्नलसीटीएल कमांडने दिसणारा त्या बूटचा लॉग, म्हणजे मशीनने ठेवलेली नोंद, मशीन गोठलं असेल तर रीस्टार्ट करून आधीच्या बूटचा. इन्स्टॉलर अडला तर खिडकी बंद करायच्या आधी लॉग पेनड्राइव्हवर काढा, पेनड्राइव्हवरूनच चालणारं लाइव्ह सेशन बंद झालं की सगळं गेलं. मोबाइलने फोटो काढा पण फक्त फोटो पाठवू नका, चुकीचा मेसेज अक्षरात टाइप करा म्हणजे दुसऱ्याला शोधता येतो. एका रिपोर्टात एकच बग. लिहायच्या आधी शोधा, तोच बग आधीच असेल तर नवीन उघडण्यापेक्षा तिथे आपल्या मशीनची माहिती घाला. साधं तुटकं इंग्रजी चालतं, कोणी व्याकरण तपासत नाही.

उबुंटूला लाँचपॅड ह्या त्यांच्या बग ट्रॅकरचं खातं आदल्या दिवशीच उघडून ठेवायला सांगा आणि उबुंटू-बग ह्या कमांडनेच पाठवा, लॉग आपोआप जोडले जातात. काही सापडलं नाही तरी आयएसओ ट्रॅकर ह्या इमेज तपासल्याची नोंद ठेवणाऱ्या साइटवर पास म्हणून नोंद करा. डेबियनला खातं लागत नाही, रिपोर्टबग हे टूल रिपोर्ट ईमेलने पाठवतं, आणि यशस्वी इन्स्टॉलचासुद्धा इन्स्टॉलेशन रिपोर्ट त्यांना हवा असतो. फक्त लोकांना सांगा की तो ईमेल पत्ता जगाला कायमचा दिसणार आहे, ज्याला नको त्याने वेगळा पत्ता वापरावा. लॉगमध्ये वायफायचं नाव, मशीनचं नाव, सिरीयल नंबर असतात, पाठवायच्या आधी एकदा डोळ्याखालून घाला. आणि डेबियनला गंभीरता निवडताना जपून, क्रिटिकल, ग्रेव्ह आणि सीरियस ह्या तिन्ही पातळ्या रिलीज अडवतात. डेटा उडाला, मशीन बूटच होत नाही, तर लावा. माझा प्रिंटर चालत नाही म्हणून ग्रेव्ह लावला तर पुढच्या वेळी नाशिकहून आलेला रिपोर्ट कोणी मनावर घेणार नाही.

दिवसाचं वेळापत्रक फार बांधू नका. सकाळी मिसळ, अर्ध्या तासाची माहिती, मग कामाला लागा. फक्त चार वाजता नवीन टेस्ट बंद म्हणजे बंद, त्यानंतर सगळ्यांनी रिपोर्ट पूर्ण करायचे. 'घरी जाऊन भरतो' म्हणालेला रिपोर्ट येत नाही.

जमून झाल्यावरचे आठवडे

खरं काम इथे सुरू होतं आणि इथेच बहुतेक ग्रुप थंड पडतात. डेव्हलपर दोन-चार दिवसांनी विचारतो की हा कर्नल टाकून बघता का, किंवा अजून एक लॉग द्या. फेडोराच्या बगझिला ट्रॅकरवर त्याला नीडइन्फो म्हणतात, डेबियनमध्ये मोअरइन्फो, लाँचपॅडवर बग इन्कम्प्लीट होतो आणि साठ दिवस कोणी काही बोललं नाही तर आपोआप बंद पडू शकतो. काकांनी तो ईमेल बघितलेलाच नसतो. म्हणून रिपोर्ट लिहिणाऱ्याने प्रत्येक बगला स्वतःही सबस्क्राइब करायचं आणि एक साधी शीट ठेवायची: बग नंबर, मशीन कोणाकडे आहे, फोन, शेवटचा प्रश्न कोणाकडे अडलाय. रोज संध्याकाळी दहा मिनिटं. फोन नंबरची ही शीट ग्रुपवर टाकायची नाही, दोघा-तिघांकडेच.

लोकांना निघतानाच सांगा की ज्या मशीनवर बग सापडलाय ते पुसू नका, निदान रिलीजपर्यंत. दुरुस्ती आली की त्याच मशीनवर परत तपासून 'आता चालतंय' किंवा 'अजून तसंच' असं लिहायचं, आणि हे एक ओळीचं उत्तर डेव्हलपरला फार मोलाचं असतं, कारण ते मशीन त्याच्याकडे नाही. सिडकोतल्या माणसाला पेनड्राइव्ह पोचवायला कोणी गेलं तर जावं, सिटीलिंकने जाऊन येणं काही फार नाही.

रिलीजच्या दिवशी जे बग राहिलेत त्यांची यादी मराठीत करून ग्रुपवर टाका, कुठलं मॉडेल, काय अडतं, तोवर काय करायचं. दुकानदार आणि शाळावाले हीच वाचतात. आणि उबुंटूचं एलटीएस, म्हणजे लांब मुदतीच्या सपोर्टचं व्हर्जन, असेल तर काम एप्रिलमध्ये संपत नाही, जुन्या एलटीएसवरून नव्यावर जायचं आमंत्रण लोकांना पहिला पॉइंट रिलीज, म्हणजे त्याच व्हर्जनची दुरुस्त्या घातलेली आवृत्ती, आल्यावरच मिळतं आणि तो सहसा ऑगस्टच्या सुमाराला येतो, तेव्हा अपग्रेडची चिठ्ठी आणि जुन्या एलटीएसवालं एखादं मशीन तोपर्यंत बाजूला काढून ठेवा.